उचलल्या पायाचा घोडेस्वार

मित्रांनो, मी शिशाचा एक जुना घोडेस्वार आहे आणि मला एका जागी उभं राहवत नाही. उंची म्हणाल तर तुमच्या अंगठ्याएवढी. माझ्या घोड्याचा पुढचा उजवा पाय साच्यातूनच उचललेला आला, तो आजवर खाली टेकलेला नाही. तुम्ही पाच मिनिटं एक पाय उचलून उभे राहा, म्हणजे माझा स्वभाव असा उतावळा का आहे ते विचारायला येणार नाही.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका गॅरेजमध्ये झाला. वितळलेलं शिसं साच्यात ओतलं, थंड झाल्यावर मला बाहेर काढलं, कानशीने कडा घासल्या आणि पिशवीत कोंबलं. पिशवीवर लिहिलं होतं, 'पूर्वेकडचा घोडेस्वार'. एवढीच ओळख. तुर्की म्हणा, इराणी म्हणा, कुणीही म्हणा. मग एडिसन गावातल्या एका दुकानात दीड वर्ष मी खिळ्याला लटकत होतो. जवळच्या स्टेशनात गाड्या यायच्या, जायच्या. सगळं जग कुठे ना कुठे निघालेलं, आणि मी पिशवीत.

शहाऐंशीच्या शरद ऋतूत चारुदत्तने मला विकत घेतलं. माझ्यासारखे आणखी तेवीस घेतले. चारुदत्त मूळचा पुण्याचा, इथल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगची डॉक्टरेट करत होता. त्याला दुकानात घेऊन आला होता वॉल्टर. वॉल्टर म्हणजे निवृत्त पोस्टमन, उंच, कमरेत थोडा वाकलेला, आणि इतिहासातल्या लढायांचं त्याला भारी वेड. दर शनिवारी दुपारी फायर हाउसच्या, म्हणजे अग्निशमन केंद्राच्या, वरच्या हॉलमध्ये त्यांचा क्लब भरायचा. दहा-बारा मोठी माणसं चार टेबलं जोडून त्यावर हिरवं कापड अंथरायची, थर्माकोलच्या टेकड्या मांडायची आणि शिशाच्या फौजा लढवायची. कुणी किती इंच सरकायचं ते टेपने मोजायचं आणि कोण जिंकलं ते फासे टाकून ठरवायचं. मधूनच एखाद्या पलटणीच्या बटणांचा रंग पिवळा की पांढरा, यावर तासभर वाद घालायचे. वॉल्टरकडे मोगलांची मोठी फौज होती, पण तिच्याशी लढायला कुणी नव्हतं. तो चारुदत्तला म्हणाला, तू मराठे तयार कर, मार्चमध्ये लढू. चारुदत्तची छाती तिथल्या तिथे दोन इंच फुगली.

क्लबचे दोन नियम तुम्हाला सांगून ठेवतो, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. पहिला, न रंगवलेलं शिसं लढत नाही. दुसरा, स्वारांना पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यावर चिकटवायचं. त्या तुकड्याला ते बेस म्हणतात. एका बेसवर दोन स्वार असले तर ती हलकी फौज. ती कमी जोराने मारते, पण हवं तेव्हा मागे फिरते आणि पुन्हा येते. बेसवर तिघं असले तर ती भारी फौज. ती जोरात धडकते, पण एकदा निघाली की तिला मागे फिरता येत नाही.

मला रंगवलं नंदाने. नंदा चारुदत्तची बायको. नागपूरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्नानंतर दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन इथे आली होती. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. चारुदत्त सकाळी लॅबला गेला की ती खिडकीशी जायची, तिथून स्वयंपाकघरात, पुन्हा खिडकीशी. ही माझ्यासारखीच आहे, हे मला तिच्या पावलांच्या आवाजावरून पहिल्याच दिवशी कळलं. फुलांच्या आकृत्या काढून तिचा हात पक्का झालेला. चारुदत्तने दोन स्वार कसेबसे रंगवले आणि लॅबच्या कामात बुडाला, तेव्हा ब्रश तिने उचलला. माझ्या पगडीला तिने पळसाच्या फुलाचा केशरी रंग दिला. डोळ्यांत एकेक काळा ठिपका ठेवला आणि मला दिसू लागलं. मी मराठा झालो तो त्या टेबलावर, मित्रांनो. त्याआधी मी कुणीच नव्हतो.

मला दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे तिच्या कॉलेजचं पत्र. रंगाच्या डब्यांशेजारी ते उघडंच पडलेलं असायचं. एक जुलैला रुजू व्हा, नाहीतर जागा भरली जाईल, असं त्यात लिहिलं होतं. चारुदत्तची डॉक्टरेट संपायला अजून दोन वर्षं होती. रोज जेवताना ते पत्र बाजूला सरकवलं जायचं, पण त्यावर कुणी बोलायचं नाही.

आम्ही रंगून तयार झालो. वॉल्टरने चारुदत्तला बजावलं होतं की, पुस्तकं सांगतात तुमचे स्वार हलके, तेव्हा एका बेसवर दोघंच लाव, आणि साधा डिंक वापर, म्हणजे चूक झाली तर पाण्याने सुटेल. चारुदत्तने मान डोलावली. घरी येऊन त्याने तिघं-तिघं चिकटवले, तेही लॅबमधून आणलेल्या, पाण्याने न सुटणाऱ्या एपॉक्सी गोंदाने. शाळेत गनिमी काव्यावर पानभर उत्तरं लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला हा माणूस. पण अमेरिकन लोकांच्या देखत आपले मराठे पाठ फिरवतात, हे काही त्याला बघवणार नव्हतं. मी डावीकडे, मधे माझा जोडीदार, उजवीकडे तिसरा. हलायला तसूभर जागा उरली नाही.

मार्चमधल्या त्या शनिवारी नंदाही बघायला आली. लढाई क्लबने रचलेली होती. दख्खनमधली एक खिंड, खिंडीच्या तोंडाशी मोगलांची छावणी. ती छावणी आम्ही घ्यायची. चारुदत्तने हुकूम दिला आणि आम्ही सुटलो. काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मी धावलो. बारा इंच, मग आणखी बारा इंच. वॉल्टरच्या तोफा समोर होत्या. आमच्या डाव्या हाताला मोकळं मैदान पसरलेलं, तिकडे वळलो असतो तर वाचलो असतो. मला वळायचं होतं. पण आम्ही तिघं एका बेसवर. चौथ्या फेरीत चोवीसच्या चोवीस स्वार मारले गेले आणि खोक्यात गेले.

वॉल्टर हसला नाही. त्याने चारुदत्तचा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाला, "फार सुंदर रंगवलीत. म्हणून मारताना वाईट वाटलं."

घरी आल्यावर नंदाने विचारलं की तिघं का लावले. चारुदत्त चिडला.

"मग काय करायचं? त्या सगळ्यांसमोर आपले लोक पळताना दाखवायचे?"

"पळणं वेगळं आणि परत फिरणं वेगळं, चारू. हे तुला मी सांगायला हवं?"

"इट्स ओन्ली अ गेम, नंदा."

"गेम असता तर तू एपॉक्सी लावलं नसतंस," ती म्हणाली. मग तिने ते पत्र उचलून त्याच्यासमोर ठेवलं. "मला जायचंय. तुला सोडून नाही. माझ्या कामाला जायचंय."

चारुदत्तने पत्र नेहमीसारखं बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "दोन वर्षांत बायको परत गेली म्हणतील सगळे. पुण्यात म्हणतील, इथे म्हणतील. मी कुणाकुणाला एक्सप्लेन करू?"

मी खोक्यातून हे सगळं ऐकलं. मला त्या दोघांचाही राग आला, आणि दोघांची दयाही आली.

दुसऱ्या दिवसापासून ती आम्हाला सोडवायला बसली. सुरी, ब्लेड, गरम पाणी, सगळं करून पाहिलं. एपॉक्सी कुठलं ऐकतंय? पुठ्ठा भिजवून, खरवडून, एकेकाला मोकळं करायला तिला तीन आठवडे लागले. माझ्या घोड्याचा मागचा एक खूर सुटताना मोडला. मला दुखलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने खुराच्या जागी मेणाचा ठिपका लावला आणि काम पुढे चालू ठेवलं. मग नवे बेस कापून साध्या डिंकाने दोघं-दोघं लावले. मी आणि माझा जोडीदार एका बेसवर आलो. चारुदत्त येता-जाता हे बघायचा आणि लॅबला निघून जायचा.

एप्रिलच्या शेवटी नंदाने वॉल्टरला फोन करून पुन्हा लढाई मागितली आणि मराठ्यांची बाजू स्वतः घेतली. चारुदत्त टेबलाच्या कडेला उभा राहिला, दोन्ही हात खिशात घालून. तीच खिंड, तीच छावणी, त्याच तोफा. आम्ही पुढे गेलो, आणि तोफांच्या टप्प्यात येण्याआधीच नंदाने आम्हाला मागे फिरवलं. चारुदत्तचा हात खिशातून बाहेर आला, हवेत थांबला आणि परत खिशात गेला. आम्ही दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा फिरलो. वॉल्टरचे मोगल चिडून पाठलागाला निघाले आणि टेबलभर पांगले. तिसऱ्यांदा आम्ही मागे फिरताना नंदाने टेपकडे हात केला, तर टेप चारुदत्तच्या हातात होता. त्यानेच आमचं मागचं अंतर मोजलं, चौदा इंच. पुढच्या फेरीत आम्ही डावीकडून वळून रिकाम्या छावणीत शिरलो.

वॉल्टरने टोपी काढून नंदाला अभिवादन केलं. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. पण माझं लक्ष चारुदत्तकडे होतं. तो आम्हाला एकेक करून, धक्का न लागू देता खोक्यात ठेवत होता. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"जूनमधलं कुठलं तिकीट काढू?" त्याने विचारलं.

सत्याऐंशीच्या जूनमध्ये नंदा नागपूरला गेली. जाताना तिने आमच्या बेसवर पाण्याचे दोन थेंब सोडले, माझ्या जोडीदाराला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. माझ्या शेजारी वाळलेल्या डिंकाचा गोल डाग तेवढा राहिला.

त्यानंतरचं वर्ष मला विचारू नका. चारुदत्त थिसिस लिहीत बसायचा आणि मी त्याच्या टेबलावर धूळ खात असायचो. मी अर्ध्या बेसचा, त्यामुळे क्लबात मला कुणी लढू देईना. तिथे एकाने दुसऱ्या कुठल्या तरी फौजेतला स्वार आणून माझ्याशेजारी चिकटवायची तयारी दाखवली. चारुदत्त म्हणाला, ती जागा आहे कुणाची तरी. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला. दर मंगळवारी नागपूरचं पत्र यायचं, कधी यायचं नाही, आणि मग आम्ही दोघंही बेचैन असायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात, कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर, नंदा आली. तिच्या तिकिटासाठी चारुदत्तने आपली गाडी विकली होती. तिला आणायला विमानतळावर वॉल्टरच त्याला घेऊन गेला. घरात आल्यावर नंदाने बॅग खाली ठेवायच्या आधी पर्स उघडली, रुमाल सोडला आणि माझ्या जोडीदाराला त्याच्या जागेवर उभं केलं. नागपूरच्या उन्हात त्याच्या पगडीचा रंग जरा उतरला होता. चारुदत्त सवयीने उठला आणि डिंकाची बाटली घेऊन आला. झाकण उघडलं. नंदाकडे पाहिलं. तिच्या पर्समधून परतीच्या तिकिटाचं टोक बाहेर आलं होतं, तेवीस जूनचं. त्याने बाटलीचं झाकण पुन्हा लावलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी तरी असा एक पाय उचललेला असेल. त्याला पुसत जा, रंग उडाला तर रंगवा, खूर मोडला तर मेण लावा. चिकटवून मात्र टाकू नका. माझा जोडीदार सध्या माझ्या शेजारी आहे, डिंकाशिवाय. रस्त्यावरून ट्रक गेला की टेबल हादरतं आणि तो जागेवरून किंचित सरकतो. चारुदत्त येता-जाता बोटाने त्याला हळूच माझ्याजवळ सरकवून ठेवतो.