सर्व्हेतला हिरवा पडदा

मी एक जुना, हिरव्या कापडाचा पडदा आहे. खिडकीला लावतात तसला नव्हे, मित्रांनो. दवाखान्यात खाटेच्या बाजूला उभा करतात ना, लोखंडी नळ्यांचा, घडी होणारा, तो मी. मला खाली चाके होती. त्यांतले एक निखळले, म्हणून मी उभा राहिलो की जरासा कलतो. लोक मला सरळ करू पाहतात आणि मग कंटाळून तसाच सोडून देतात.

माझा सांगाडा अंबाजोगाईच्या एका वेल्डिंगच्या दुकानात जोडला गेला. पुढे बरीच वर्षे मी एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात काम केले. माझ्यामागे लेकरे जन्मली, जखमा धुतल्या गेल्या, म्हाताऱ्या बायकांनी लाजत लाजत लुगडी बदलली. "आडोसा आणा गं," अशी हाक आली की मला घेऊन जात. तेव्हा मला फार बरे वाटायचे. नंतर नवे पांढरे पडदे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. अडगळीत पडलेल्या वस्तूला आधी वाईट वाटते, मग काहीच वाटत नाही. माझेही तसेच झाले.

तिथून मला बाहेर काढले ते शाळेतल्या मुलांच्या आरोग्याच्या सर्व्हेसाठी. मुले काय खातात, तंबाखू-गुटख्याला शिवतात का, मन उदास असते का, घरी मार बसतो का, हे एकेकाला बाजूला घेऊन विचारायचे होते. म्हणून आडोसा हवा. नवनाथ नावाच्या तरुणाने मला जीपच्या टपावर बांधून वडवणीकडच्या एका गावात आणले. पोरगा कामाला वाघ होता. प्रश्न त्याला तोंडपाठ होते.

शाळेच्या ऑफिसात मला उभे केले. आधी मुले आली. गालातली सुपारी जिभेखाली सरकवून "न्हाई सर, कदीच न्हाई," म्हणत गेली. मग मुलींची पाळी आली. वयात आलेली मुलगी परक्या पुरुषासमोर एकटी कशी बसवायची? गावाकडे हे चालत नाही. म्हणून शाळेतल्या सत्यभामा मॅडमना सोबत म्हणून माझ्या दुसऱ्या बाजूला खुर्ची टाकून दिली. त्या मुलींना दिसत नव्हत्या, तेव्हा झाले काम, असे सगळ्यांना वाटले. यात कुणाची लबाडी नव्हती. पण मित्रांनो, मी कापड आहे. मी नजर अडवतो. आवाज अडवणे मला कधी जमलेच नाही.

नववीतली दिपाली आत आली.

"मिसरी लावतेस का?" नवनाथने विचारले.

"लावते. आई बी लावती. भूक मरती तिनं."

"मन उदास असतं का?"

दिपाली माझी शिवण बोटाने चाचपत राहिली. मग एकदम म्हणाली, "सर, माजं लगीन ठरलंय. दिवाळी झाली की. मला न्हाई करायचं. मला धाव्वी करायचीय."

नवनाथच्या प्रश्नांत लग्नाचा प्रश्नच नव्हता.

"तुमी हे कुणाला सांगताल का, सर?"

"नाही नाही, घाबरू नकोस," तो घाईने म्हणाला. "तुझं नावसुद्धा आम्ही लिहीत नाही. कुणालाच कळणार नाही."

त्याला वाटले, आपण धीर दिला. त्याला शिकवले होते तसेच तो बोलला. कुणाला तरी कळावे म्हणूनच दिपालीने तोंड उघडले होते, हे काही त्याच्या ध्यानात आले नाही. ती "बरं सर" म्हणाली आणि उठून गेली.

सत्यभामा मॅडमनी सगळे ऐकले होते. त्यांचा जीव तुटला. मुलांच्या मदतीचा फोन नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे आणि मॅडम तेव्हा रोज तिथेच स्कूटी लावत. पण गावातली गोष्ट गावात मिटावी, असे त्यांना वाटले. त्यांनी दिपालीच्या वडिलांना, ज्ञानोबांना, शाळेत बोलावून घेतले.

"पोरीच्या मनात नाही हो. एवढी दहावी तरी होऊ द्या," त्या माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या.

"मॅडम, आमी दोगं ऊसतोडीला जातो. गुढीपाडव्यापस्तोर घर बंद. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठिवू?" ज्ञानोबा म्हणाले. त्यांचेही काही खोटे नव्हते. मग त्यांचा आवाज बदलला. "पर हे तुमाला कुणी सांगितलं? तिनं? घरातलं भाईर सांगती व्हय?"

मॅडम करायला गेल्या एक आणि झाले भलतेच.

दिवाळीची वाट कुणी पाहिली नाही. लग्न आधीच उरकले, तेही दुसऱ्या गावात, गुपचूप. परतताना जीपच्या टपावर जागा नव्हती म्हणून मी शाळेतच राहिलो होतो. ऑफिस झाडायला आलेल्या मुली आपसात बोलत होत्या, "दिपी आलती गं. लई वाळलीय." मॅडम आता स्कूटी मागच्या बाजूला लावतात. मला दुःख झाले का? खरे सांगू, झाले नाही. व्हायला हवे होते, एवढे मात्र कळले.

यंदा सर्व्हे पुन्हा आला. तोच नवनाथ, तेच प्रश्न, मॅडमची खुर्चीही तिथेच. पहिली मुलगी आली. बसण्याआधी ती खाली वाकली आणि तिने माझ्या कडेखालून पलीकडच्या मॅडमच्या चपला बघून घेतल्या. मग ताठ बसली.

"मिसरी?"

"न्हाई."

"मन उदास असतं?"

"न्हाई."

"काही अडचण, घरी?"

"न्हाई सर."

एकीमागून एक सगळ्या तशाच बोलल्या. शाळेचे कौतुक झाले. "गेल्या वेळेपेक्षा चांगला फरक आहे," असे नवनाथ आनंदाने म्हणाला.

मित्रांनो, मला धुऊ नका, नवे चाकही लावू नका. एवढेच करा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणा लेकराला असे काही विचाराल, तेव्हा त्याचे उत्तर 'हो' आले तर आपण काय करणार, हे आधी ठरवा आणि मगच विचारा. आणि एखाद्या शाळेतल्या सगळ्या मुली 'नाही' म्हणाल्या, तर टाळ्या वाजवू नका. आधी पडद्यामागे कोण बसले आहे ते बघा.