स्टुडिओतला कोट

“बन्सीधरशेठ, ह्याला पाठच न्हाई की!” आश्रुबा कोट उलटसुलट करत म्हणाला.

मानवतच्या फोटो स्टुडिओत लग्नाळू पोरांसाठी टांगलेला तो काळा कोट मागून गळ्यापासून खालपर्यंत उसवलेला होता.

“फोटोत पाठ कुठं दिसती?” बन्सीधर हसला. “जाडा असू का बारीक, सगळ्यायला बसावा मनून उसवलाय. मागून चिमटे लावतो मी. घिऊन जा. भाडं नको देऊ, पन शिवू नको बाबा. परवा गिऱ्हाईक यायलंय.”

आश्रुबानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. दुसरा कोट मिळणार नव्हताच.

अकरा वर्षं तो जिल्हा परिषदेच्या रोजंदारीवर चाळीस गावांचे हापसे दुरुस्त करत होता. सायकलला पाने बांधून जायचं, पाइप उपसायचे, वॉशर बदलायचं. परदेशातल्या एका संस्थेनं जिल्ह्याजिल्ह्यातून एकेक मिस्त्री निवडला, त्यात त्याचं नाव आलं. औरंगाबादच्या मोठ्या हॉटेलात दुपारचं जेवण आणि सत्कार. ऑफिसातल्या कारकुनानं पत्रिका वाचून सांगितलं होतं, “कोट लागतो. नुस्त्या शर्टावर आत घेत न्हाईत. जायचा खर्च तुझा तू कर, बिल मागून निघंल.”

बायको केवळाबाईनं लोकर विकून ठेवलेले पैसे काढून दिले. दिनकरराव मास्तरांनी बूट दिले. ते मोठे होत होते म्हणून तिनं पुढं कापूस कोंबला. मग हातातल्या बांगड्यांना अडकवलेल्या चार पिना काढून तिनं कोटाची पाठ आतून जोडली.

“आता मना एकदा,” ती म्हणाली.

“सायेब, अकरा वर्सं झाली, अजून रोजंदारीवरच हाव. कायम करा.”

“तिथं त सांगायचं ऱ्हायचं न्हाई बरं का. खात्याचे मोठे सायेब रोज रोज भेटत नस्तेत.”

पहाटेच्या एसटीत तो ते वाक्य पुटपुटत राहिला. शेजारच्यानं दोनदा वळून पाहिलं. चैत्राचं ऊन चढलं तसा त्याचा जीव कोटात अडकला. घाम लागू नये म्हणून कागदाचं पुडकं मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून हातावर. तिथं काटे-चमचे असतील, आपल्याला जमायचं नाही, म्हणून औरंगाबादच्या स्टँडवर भाकरी खाऊन घेतली. रिक्षा परवडणार नव्हती. चालत निघाला, आणि हॉटेलच्या भिंतीआड उभं राहून कोट चढवला.

फेटेवाल्या दरवानानं त्याला सलाम ठोकला. गोंधळून आश्रुबानंही वाकून नमस्कार केला, आणि पाठीत कट्कन एक पीन उघडली.

आत गारवा होता. पायाखाली गालिचा, डोक्यावर काचेची झुंबरं, इस्त्रीच्या कोटातली माणसं हातात पेले घेऊन हळू आवाजात बोलत होती. आश्रुबा थेट एका खांबाला जाऊन टेकला. कुणी जवळ आलं की तो खांबाभोवती सरकायचा. वेटर तबक घेऊन आला तर मान हलवायची. पीन टोचत होती. मोठे साहेब कुठं उभे आहेत ते तो डोळ्यांनी धरून होता. ते इकडे वळले की तो मनातलं वाक्य पुन्हा जुळवायचा, तिकडे वळले की वाटायचं, गेलं, आता काही भेट होत नाही.

बाकीच्यांची जेवणं उरकली तशी त्याचं नाव पुकारलं. मंचावर गोरी पाहुणी शाल घेऊन उभी होती. लोक समोर होते, तिकडे काही भीती नव्हती. पण मंचावरच्या खुर्च्या त्याच्या मागं होत्या. पाहुणी बुटकी, म्हणून तो वाकला. दुसरी पीन गेली. थंड हवा थेट पाठीला लागली, आणि केवळाबाईनं शर्टाला लावलेलं निळं ठिगळ आता मागच्या सगळ्यांना दिसत असणार हे त्याला कळलं. मागं कुणीतरी खाकरलं. शाल खांद्यावर पडली तरी तो वाकलेलाच राहिला.

मोठे साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी शाल मागून ओढून नीट खालपर्यंत सारखी केली आणि तसाच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला खाली घेऊन आले.

“काही अडचण आहे का, आश्रुबा? मोकळेपणानं सांगा.”

हीच वेळ होती. त्यानं तोंड उघडलं. साहेबांच्या मागं टेबल आवरणं चाललं होतं. वेटर अर्धे प्यालेले पाण्याचे ग्लास एकामागून एक बादलीत ओतत होता.

“सायेब,” तो म्हणाला, “आमच्या गावच्या नाल्यापलीकडं वस्ती हाय. तिथला हापसा दोन म्हैने झाले कोरडा मारायलाय. पानी खाली गेलंय. तीन पाइप वाढविले त लागतंय. मागनी लिहून देली व्हती म्या.”

“गावातल्या हापशावरून नेत नाहीत?”

नामांतराच्या दंगलीनंतर ती घरं गावातून उठून नाल्यापलीकडं गेली होती. “न्हाई जमत त्यायला, सायेब,” एवढंच आश्रुबा म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. “आणखी?”

वाक्य ओठांवर होतं. पण आता आपलं सांगितलं, तर आधीचं सगळं त्यासाठीच बोललो असं व्हायचं.

“आनखी काई न्हाई,” तो म्हणाला.

घरी पोचला तेव्हा गाव निजलं होतं. केवळाबाई दारातच होती.

“बोललाव का?”

“बोललो. लिहून घेतलं त्येंनी.”

तिचा चेहरा असा फुलला की त्याला पुढचं सांगवेना. तरी सांगितलं. तिनं कोटाच्या पिना एकेक करून काढल्या, पुन्हा बांगड्यांना अडकवल्या आणि चुलीकडे गेली. त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

तीन आठवड्यांनी पाइप आले. आश्रुबा वस्तीवर गेला. दुपार कलेपर्यंत जुने पाइप उपसले, नवे जोडून खाली सोडले. बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात नाल्याच्या उतारावरून केवळाबाई येताना दिसली. त्याची भाकरी घेऊन ती आजवर कधी कामावर आली नव्हती, आणि या बाजूला तर नाहीच.

तिनं भाकरीचं गाठोडं दगडावर ठेवलं. वस्तीवरची म्हातारी सुलाबाई दांडा मारत होती. आधी गढूळ, मग तांबूस, मग स्वच्छ धार आली. केवळाबाई पुढं झाली आणि धारेखाली ओंजळ धरली. सुलाबाईचा हात थबकला.

“मार की माय,” केवळाबाई म्हणाली.

ती पोटभर प्याली. ओल्या हातानं तोंड पुसलं.

“गोड हाय,” नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, आणि आली त्या वाटेनं नाला उतरून गेली.