मागची ओळ

"मावशी, आज तुम्हाला सुट्टी नाय हां. एक आगरी गाणं झालंच पाहिजे," टूर मॅनेजर मितेशने माइकवरून जाहीर केलं, आणि बोटीवरच्या सगळ्या मंडळींनी वळून तुळसाकडे बघितलं.

तुळसाच्या ताटात तेव्हा कोलंबी होती. बँकॉकला आल्यापासून पहिल्यांदाच तिला ताटात ओळखीचं कोणी भेटलं होतं, त्यामुळे तिने आधी ती निवांत सोलून खाल्ली. मग बोटं पुसली आणि शेजारी बसलेल्या लेकीकडे, कल्पिताकडे पाहिलं.

"गा ना आई," कल्पिता म्हणाली. "सगळे एवढे बोलतायत तर. ते हळदीतलं गा एखादं, फास्टवालं."

ही सहल कल्पिताच्याच डोक्यातून निघाली होती. तिच्या मुलीचं, ऐश्वर्याचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. एकदा त्या धबडग्यात सापडलो की संपलं, त्याआधी आईला विमानात बसवायचं, असं तिने मनावर घेतलं होतं. नवरा कमलेशही हो म्हणाला. आणि सहलीतली माणसं म्हणाल तर लाखात एक. ठाण्याची, डोंबिवलीची, कुठली कुठली, पण दुसऱ्या दिवसापासून चिवड्याचे डबे एकमेकांच्या मांडीवर फिरायला लागले होते. डोंबिवलीच्या क्षिप्राताई तर बसमध्ये रोज तुळसासाठी खिडकीची जागा धरून ठेवत. कॉलेजात शिकवून रिटायर झालेली बाई, पण तुळसाच्या खांद्यावर डोकं ठेवून बिनधास्त झोपायची. तुळसाला या सगळ्यांचा मनापासून लळा लागला होता.

म्हणूनच तिने माइक हातात घेतला. पण खरं सांगायचं तर, तेवढ्याचसाठी नाही.

तिच्या मनात बरेच महिने एक गोष्ट घोळत होती. ऐश्वर्याच्या लग्नाचा हॉल ठरला, डीजे ठरला, नवरीने धुरातून कसं यायचं तेसुद्धा ठरलं. पण लग्नात गायच्या धवल्याचं नाव कोणी काढलं नाही. तुळसा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण लागायची. ती बसायची, आणि गावदेवीपासून घरातल्या गेलेल्या माणसांपर्यंत एकेकाला नाव घेऊन, गाण्यातून मांडवात बोलवायची. सगळं कार्य त्यांच्या देखत व्हायचं आणि शेवटी गाण्यातूनच त्यांची पाठवणी. बोलावलेल्या देवाला पाठवणीशिवाय ताटकळत ठेवायचं नाही, हा त्यातला पहिला नियम. कळवा, कोपरी, पार टिटवाळ्याच्या पलीकडून तिला बोलावणी यायची. आता कित्येक वर्षांत तिच्या दाराशी नारळ घेऊन कोणी आलं नव्हतं. सख्ख्या नातीच्या लग्नात तरी धवला व्हावा एवढीच तिची इच्छा होती, आणि स्वतःच्या लेकीकडे मागणं मागायची तिला लाज वाटत होती. एकदा कानावर पडला तर कल्पिता आपणहून विचारील, असा तिचा भाबडा हिशेब.

मांडवाशिवाय धवला धरायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं. पण नातीचं लग्न तर ठरलंय, मग मांडव पडल्यातच जमा, असं तिने स्वतःला समजावलं आणि डोळे मिटून पहिली ओळ धरली.

"ये गो गावदेवी, दारी पाट टाकीला..."

आवाज अजून होता. किंचित फाटका, पण लांब जाणारा. बोट चिडीचूप झाली. वाढणारी मुलगीसुद्धा ट्रे धरून उभी राहिली. ओळ संपली आणि तुळसा थांबली.

आता, हे थांबणं नीट समजून घ्यायला हवं. धवला एकटीचा नसतो. एकीने पुढची ओळ म्हणायची, दुसरीने ती मागून झेलायची. तुळसाच्या मागे जन्मभर तिची मैत्रीण बायजा होती. दोघी पोरसवदा असताना खाडीकाठच्या मिठागरात कामाला जायच्या. ही एका बांधावर, ती पलीकडच्या बांधावर, मधे खाऱ्या पाण्याचा चकचकीत चौक. बायजाच्या आजीने शिकवलेली ओळ तुळसा इकडून टाकायची आणि पाण्यावरून ती पोचून परत यायची, बायजाच्या आवाजात. पायाच्या भेगांत मीठ चरचरायचं, मुकादम ओरडायचा आणि या दोघी आपल्या कुणाच्या तरी लग्नाला देव बोलवीत बसलेल्या. पुढे मांडवात गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागल्या, तरी मधली जागा तेवढीच राहिली, बांधापासून बांधापर्यंतची. लहानगी कल्पिता त्यांच्यापैकी कुणाच्या तरी मांडीवर झोपलेली असायची. मिठागरांवर भराव पडला, इमारती आल्या, त्यातल्याच एका इमारतीत तुळसाला फ्लॅट मिळाला. बायजा वारली. एवढं सगळं झालं तरी प्रत्येक ओळीनंतर तुळसा बायजाची ती जागा मोकळी सोडायची. तिला दुसऱ्या तऱ्हेने गाताच येत नव्हतं.

बोटीवर ती थांबली, तशी लोकांना वाटलं गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शिट्टी मारली. मितेश माणूस हौशी. त्याने क्षणाचाही वेळ न दवडता हळदीचं गाणं दणक्यात लावून दिलं, आणि सगळी टूर उठून नाचायला लागली. कमलेश सर्वांच्या पुढे.

तुळसाने दुसरी ओळ धरली. मग तिसरी. गावदेवी झाली, खाडीचा देव झाला, सासरे झाले, आपला नवरा झाला. माइक कधीच बंद झाला होता. तिचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. दोन तरुण मुलं मोबाइल धरून तिच्यासमोर नाचत आली, तिलाही हाताला धरून नाचवायला बघत होती. ती मान हलवून नको म्हणत होती आणि गात होती. मधेच थांबत होती, पुन्हा गात होती.

कल्पिताने येऊन तिचा दंड धरला.

"आई, संपलं ना आता. चल, बस खाली. सगळे शूटिंग करतायत."

"नाय गो संपला. आताशी तर बोलावलेत."

"कोणाला?"

"देवांना."

कल्पिता हसली. वाईट नव्हतं तिच्या मनात, पण चारचौघांत ओशाळलेलं माणूस हसतं तशी ती हसली. "बोटीवर? आई, प्लीज."

तुळसा बसली. नाचणाऱ्यांचं तिला काही वाटलं नव्हतं, त्यांना काय माहीत? पण मांडीवर धवला ऐकत वाढलेली पोर हसली, हे तिला सोसवलं नाही. ताटातल्या उरलेल्या कोलंब्या तिने तशाच ठेवल्या.

बसमध्ये क्षिप्राताई तिच्या शेजारी आल्या. "फार वेगळं होतं हो तुमचं गाणं. पण ते संपलं की नाही, तेच आम्हाला कळलं नाही. चुकलंच आमचं."

"तुमचा काय चुकला?" तुळसा म्हणाली.

उरलेली सहल तिने सगळ्यांबरोबर हसून पार पाडली. देवळं पाहिली, फोटोंना उभी राहिली. पण जीव थाऱ्यावर नव्हता. गावदेवी बिचारी आपल्या कळव्याची वेस सोडून कधी कुठे गेली नव्हती. परक्या मुलखात, पाण्यावर, कोणी पाट देईना अशी ती उभी आहे, हे काही डोळ्यांपुढून हलेना. निघताना विमानतळावर सगळे सामानाच्या गडबडीत असताना तुळसा मागे वळली आणि हळूच म्हणाली, "चला आता, घरी चला." कमलेशला वाटलं त्यालाच म्हणतायत. "हो आई, चाललोच," तो म्हणाला.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि देव्हाऱ्यापुढे पाट मांडून बसली. कल्पिता वरच्या मजल्यावर राहायची. सहलीचे धुतलेले कपडे द्यायला म्हणून ती खाली आली, तेव्हा दार उघडंच होतं. आत आई गात होती. बोटीवर जिथे तुटलं होतं तिथून पुढे.

कल्पिता उंबऱ्यातच थांबली. एक ओळ झाली आणि आई गप्प झाली. संपलं असं समजून कल्पिता पाऊल टाकणार, तोच दुसरी ओळ सुरू झाली. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी कल्पिताच्या लक्षात आलं. या जागी बायजामावशीचा आवाज असायचा. झोपेत कानावर पडायचा तो. आई गाता गाता अडत नव्हती, वाट बघत होती. बोटीवरही तेच करत होती, आणि आपण दंड धरून तिला बसवली. कल्पिताचे डोळे भरून आले. कपडे तिने खुर्चीवर ठेवले.

"आई, ऐश्वर्याच्या लग्नात धवला बोलशील?" तिने विचारलं. "डीजे मी बंद ठेवायला सांगते तेवढा वेळ."

तुळसाने वळून पाहिलं. या एका वाक्यासाठी ती परदेशात जाऊन गायली होती. पण आता ते ऐकून तिला वाटला होता तेवढा आनंद झाला नाही.

"मी बोलंन गो," ती म्हणाली. "पन मागून झेलंल कोन?"

ओळीचं शेपूट कल्पिताला आठवत होतं, सूरही कुठेतरी होता, पण तोंड उघडायचा धीर होईना.

"र्‍हाऊ दे," तुळसा म्हणाली. "आधी यांना घरी जाऊ दे. लय दिवस ताटकळलेत."

ती परत देव्हाऱ्याकडे वळली. कल्पिता पुढे आली आणि तिच्याजवळ खाली बसली, फरशीवर, गुडघ्याला गुडघा लावून. तुळसाने पाठवणीची ओळ धरली, शेवटपर्यंत नेली आणि थांबली. दोघी गप्प बसून राहिल्या, एका बांधावरून दुसऱ्या बांधापर्यंत आवाज पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मग तुळसाने पुढची ओळ म्हटली.