शिवून टाकलेला किल्ला

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, नाटकाचा. माझ्यावर एक भलामोठा किल्ला रंगवलेला आहे आणि सध्या मी भयंकर चिडलेलो आहे. चिडका पडदा तुम्ही कधी पाहिला नसेल, पण माझी हकीकत ऐकलीत तर तुमचेही डोके फिरेल.

माझा जन्म सायकल-दुकानामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जाड मांजरपाटाचे पट्टे एकमेकांना जोडून रंगारीकाकांनी मला भिंतीवर टांगले. मग तट काढला, बुरूज काढले आणि तटात जंग्या काढल्या. जंग्या म्हणजे बंदुका रोखायच्या अरुंद खिडक्या. रंग वाळल्यावर त्यांनी चक्क कात्री घेतली आणि एकेक जंगी तीन बाजूंनी कापत सुटले. जन्मल्या जन्मल्या कात्री! माझी तर पाचावर धारण बसली. नाटकवाली मुलेही ओरडली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "अरे, हा मैदानात उभा राहणार ना? वारा या झडपांतून निघून जाऊ दे. नाहीतर बांबूंसकट उताणा पडेल."

आमचे नाटक एका राणीचे होते. मूठभर माणसे घेऊन ती किल्ला लढवते. प्रयोग नेहमी उघड्यावर, संध्याकाळी. वारा सुटला की माझ्या झडपा हलत आणि लोकांना वाटे, आत खरेच शिपाई वावरत आहेत. त्यावर टाळ्या पडत. हो, मलाच पडत! त्या दिवसांत माझा रुबाब काही औरच होता.

पुढे ती मुले मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, पांगली. रंगारीकाका आपल्या मुलाकडे परगावी निघून गेले. घडी घालून मला माळ्यावर टाकले आणि वर कुणीतरी गंजके डबे रचले. कित्येक वर्षे मी डांबरगोळ्यांचा वास घेत पडून होतो. कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

मग नवी मुले आली. त्यांची म्होरकी म्हणजे ताई. तीच दिग्दर्शक, तीच राणी. तिने मला अंगणात उलगडले आणि तिचे डोळे चमकले. "अगं बाई, काय काम केलंय! आपला किल्ला हाच."

"किल्ला कसला, चाळण आहे नुसती!" लंबू म्हणाला. हा नाटकात शत्रूचा सरदार. "शत्रूच्या आधी उंदरांनीच जिंकलेला दिसतोय. त्यापेक्षा फ्लेक्स छापू."

शेवटी ठरले की एक प्रयोग माझ्यावर करायचा. टिकलो तर मी, नाहीतर फ्लेक्स, आणि माझी पायपुसणी. ताई माझ्यासाठी सगळ्यांशी भांडली होती, म्हणून मी काहीही करून टिकणार होतो.

पण तिने मला आपल्या आईकडे नेले. आई शिवणकाम करायच्या. डोळ्यांना चष्मा लावून, दगडाच्या रंगाचा दोरा मुद्दाम शोधून आणून, त्यांनी माझी एकेक झडप शिवून टाकली. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. आणि मी आतल्या आत बोंबलत होतो, "अहो आई, नको! ती भोके नाहीत हो!" पण कापडाचे कोण ऐकतो?

प्रयोगाला मैदान भरले. शेवटच्या प्रवेशात ताई तलवार उपसून गरजली, "हा तट ढळणार नाही!" नेमका तेव्हाच वारा आला. त्याला जायला वाटच नव्हती. माझे पोट नगाऱ्यासारखे फुगले, बांबू कलले. लंबूने धावत येऊन बांबू धरला. ज्याने किल्ला पाडायचा, तोच किल्ला सावरत उभा! लोक पोट धरून हसले. ताई रडवेल्या आवाजात वाक्ये म्हणत राहिली, आणि मी वरपासून खालपर्यंत टरकन फाटलो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कापड कुजलंय," लंबूने निकाल दिला. या वेळी ताई भांडली नाही.

दुसऱ्या दिवशी आई माझी घडी घालायला आल्या. टाक्यांवरून बोट फिरवता फिरवता थबकल्या. "माझे टाके तर शाबूत आहेत. फाटलाय तो शेजारून. असं कसं गं?"

मी पुन्हा आतल्या आत बोंबललो. विचारा आई, अजून एकदा विचारा!

"जाऊ दे ना आई," ताई म्हणाली, "फ्लेक्सवाला खोळंबलाय." आणि दोघी निघून गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणतो, काळजी घेण्याआधी ती वस्तू तशी का आहे, हे कुणाला तरी विचारा. ताई एकदा जरी रंगारीकाकांशी बोलली असती, तरी मी आज मैदानात असतो.

माझी पायपुसणी होणार, ते होऊ दे. माझा जीव आता दुसऱ्याच गोष्टीसाठी टांगणीला लागला आहे. काल तो फ्लेक्स आला. गुळगुळीत आहे, कुठे एक छिद्र नाही. बांबू दगा देतात म्हणून या वेळी त्याला लोखंडाची जड चौकट केली आहे. मैदान तेच आहे, संध्याकाळचा वारा तोच आहे, आणि ताई त्या चौकटीच्या पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून उभी राहणार आहे. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते ना? मग जा, पळा, कुणीतरी तिला सांगा!