एका सफरीचा लेगगार्ड

मित्रांनो, मोटारसायकलीच्या इंजिनाच्या डाव्या-उजव्या अंगाला वाकवलेल्या लोखंडी नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. गाडी पडली तर आधी त्यांनी आपटायचं आणि इंजिन व स्वाराचे पाय वाचवायचे, एवढंच त्यांचं काम. त्यांना लेगगार्ड म्हणतात. मी त्यांतलाच एक, जुना आणि खरं सांगायचं तर फार दमलेला. सध्या बेगम बाजारामागे भंगाराच्या एका ढिगात पडून आहे. एका बाजूला पंख्याचं पातं, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली इस्त्री. दोघांनाही स्वतःच्याच कहाण्या सांगायच्या असतात, म्हणून माझी मी तुम्हाला सांगतो.

कारखान्यात यंत्राने मला वाकवलं, टोकांना पट्ट्या जोडल्या आणि काळा रंग फासला. मग मी अफझलगंजच्या एका दुकानात छताला टांगलेला होतो. शेजारी माझे चकचकीत भाऊबंद होते. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्यात आपला चेहरा बघून केस नीट करायचं आणि त्यांनाच घेऊन जायचं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे, त्याचं मला वाईट वाटायचं.

एके दिवशी अनंतराव आणि त्यांच्या पत्नी सरोजताई आले. अनंतराव सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर नद्या आणि घाट काढून काढून त्यांना कंटाळा आला होता, म्हणून लांबच्या प्रवासाला चालेल अशी दणकट मोटारसायकल त्यांनी घेतली होती. दुकानदाराने चकचकीत गार्ड पुढे केला. अनंतराव इस्त्रीच्या पँटसह भर रस्त्यात गाडीखाली वाकले आणि त्यांनी मास्तरांसारखी परीक्षाच सुरू केली. हा कुठे कुठे बसतो? वळणावर गाडी कलली तर रस्त्याला घासेल का? ऑइल बदलताना दर वेळी काढावा लागेल का? चकचकीत भाऊ नुसता पुढून एका बोल्टवर लटकणारा निघाला. मी मात्र गाडीच्या सांगाड्याला वरून, खालून आणि मागून धरणारा होतो.

"ते सगळं राहू द्या," सरोजताई म्हणाल्या. "गाडी पडली तर यांचा पाय वाचेल का, तेवढं सांगा."

दुकानदार हसला. "अम्मा, ये खुद मुड जाता, पाँव को नै मुडने देता."

"मग हाच द्या," त्या म्हणाल्या. माझी निवड अशी झाली. स्वतः मुडायचं, म्हणजे वाकायचं, ही माझी नोकरी त्याच दिवशी ठरली.

मग आम्ही खूप फिरलो. बीदरचा किल्ला, गुलबर्ग्याची उन्हं, कृष्णेचा पूल. परत आलो की अनंतराव आधी माझ्यावरचा चिखल पुसत, मग स्वतः आंघोळीला जात. निघण्याच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या रेहाना आपा खाली यायच्या आणि अनंतरावांच्या उजव्या दंडाला इमाम जामिन बांधायच्या. हिरव्या कापडात गुंडाळलेला रुपया असतो तो, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. घरी पोचलं की तो सोडून कुणा गरजूला द्यायचा, अशी इथली रीत आहे. बांधणाऱ्या आपा मुसलमान, बांधून घेणारे मास्तर हिंदू, पण आमच्या बिल्डिंगीत त्याचा कुणी विचारही केला नव्हता.

श्रीशैलमच्या रस्त्यावर, जंगलातल्या एका वळणावर, कुणाच्या तरी ट्रकमधून वाळू सांडली होती. गाडी उजव्या अंगावर घसरली. दगड, ठिणग्या आणि माझाच कर्कश आवाज, एवढंच मला आठवतं. मी वाकलो, पण रस्ता आणि गाडी यांच्यामध्ये वीतभर जागा धरून ठेवली आणि त्या जागेत अनंतरावांचा पाय होता. ते उठून बसले. बूट फाटला होता, पाय शाबूत होता. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "वाचवलंस रे बाबा." त्याहून मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

खरं म्हणजे माझं काम तिथेच संपलं होतं. पण माणसाचं मन ऐकतंय थोडंच! नामपल्लीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री म्हणाला, नवा घ्या. अनंतराव म्हणाले, "छे, हाच सरळ करा." मग मला आगीने लाल केलं, हातोड्याने ठोकलं आणि वरून नवा काळा रंग दिला. बाहेरून मी पहिल्यासारखा दिसू लागलो. आतून मी तसा राहिलो नव्हतो. जोडाजवळ एक बारीक चीर गेली होती, ती रंगाखाली झाकली गेली. पाहुणे आले की अनंतराव त्यांना खाली आणून मला दाखवत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे त्यांचे गुडघे धरले. गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. सरोजताई माझ्यावर फरशीची फडकी वाळत घालू लागल्या, एक मांजर माझ्या सावलीत पिल्लं घालून गेलं. लोकांना वाटलं असेल, बिचाऱ्याची काय ही दशा! मी मात्र सुखात होतो. थकलेल्याला फडक्याचं ओझं जड नसतं.

तोवर त्यांची मुलगी तन्वी मोठी झाली, नोकरीला लागली आणि एक दिवस म्हणाली, "बाबा, मी तुमची गाडी घेऊन धनुष्कोडीला जाते."

अनंतरावांचे डोळे भरून आले. जमीन जिथे संपते ते टोक त्यांनी पोरांना नकाशावर किती वेळा दाखवलं होतं, पण स्वतः कधी पाहिलं नव्हतं. टायर, ब्रेक, चेन, सगळं नवं आलं. तन्वी म्हणाली, "गार्डपण बदलू ना बाबा. जुना झालाय तो."

"त्याला हात लावायचा नाही," अनंतराव म्हणाले. "त्याने मला वाचवलंय. तुलाही तोच वाचवेल."

बाप दुखावेल म्हणून पोरगी गप्प बसली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पुन्हा आपटलो तर मी वाकणार नव्हतो, तुटणार होतो आणि तुटलेलं टोक कुणाच्या पायात घुसणार होतं ते मला दिसत होतं.

निघण्याची सकाळ आली. तन्वीने हेल्मेट हातात घेतलं. रेहाना आपा आता काठी टेकत खाली उतरल्या. त्या हिरवं कापड काढणार, तोच अनंतरावांनी खिशातून एक विटका इमाम जामिन काढला. "आपा, नवा नक्को. हाच बांधा. श्रीशैलमच्या वेळचा आहे. मी जपून ठेवला होता."

आपांनी कपाळाला हात लावला. "हाय अल्ला, ये आप रख लिये, मास्टरसाब? ऐसा नै करते. पोंच गए तो किसी गरीब को दे देते इसको. एक सफर का रहता ये."

"पण याने मला वाचवलं होतं, आपा."

"हौ, बचाया ना? तो उसका काम हो गया. अब उसको छोडो."

सरोजताईंनी माझ्यावरचं फडकं उचललं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मग हा तरी कितीदा बांधायचा?"

अनंतराव माझ्यापाशी खाली बसले. गुडघ्यांची कुरकुर मला ऐकू आली. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, नखाने रंग खरवडला. खालची चीर उघडी पडली. "तन्वी," ते म्हणाले, "उद्या निघ. आज गार्ड घेऊ."

बापलेक अफझलगंजला जाऊन आले. या वेळी परीक्षा तन्वीने घेतली होती आणि बाजूच्या सामानाच्या पेट्यांना अडणार नाही, हेही तिने पाहिलं होतं. नवा गार्ड माझ्यासारखाच काळा आणि ठोंब्या निघाला. मला अनंतरावांनी स्वतः सोडवलं. बोल्ट गंजले होते, निघता निघत नव्हते. भंगारवाला पैसे देऊ लागला तेव्हा त्यांनी हात जोडले. "पैसे नक्को. असाच ने." मग त्या विटक्या कापडातला रुपयाही त्यांनी त्याच्याच हातावर ठेवला.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने लोक तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. एकदा आपटलेलं हेल्मेट पुसून पुन्हा डोक्यावर चढवू नका. ज्याने तुमच्यासाठी एकदा मार खाल्ला, त्याला रंग देऊन पुन्हा पुढे उभं करू नका. त्याचे आभार माना आणि त्याला जाऊ द्या.

तन्वी धनुष्कोडीला पोचली का, हे मला कळणार नाही. नवा गार्ड न वाकता परत यावा, एवढं मात्र रोज मनात येतं. उद्या-परवा मला भट्टीत नेतील. माझी सफर एकच होती आणि त्या सफरीत अनंतराव दोन पायांनी चालत घरी पोचले.