मऊ तळहात

वखारीत ओंडका घसरून माझ्या गुडघ्यावर आला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत एक वाजला आणि पाऊल पांढरंफटक पडलं.

"गुडघ्यामागची रक्ताची नळी तुटलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा तासांत जोडली नाही, तर पाय कापावा लागेल. तीन गेलेत. काका, सही करा."

"मोठे डॉक्टर कुठायत?"

"मोठी डॉक्टर मीच."

आम्ही सुतार. कामावर नवा माणूस आला की आधी त्याचा तळहात बघायचा. घट्टे नसतील तर त्याच्या हातात करवत द्यायची नाही. चाळीस वर्षं मी माणसं अशीच पारखली. म्हटलं, "हात दाखवा."

त्यांनी दाखवले. लोण्यासारखे मऊ.

"या हातांत मी पाय देणार नाही. पुरुष डॉक्टर बोलवा."

"ते परगावी आहेत. यायला पाच वाजतील."

"थांबतो."

बायको उशाशी उभी होती. "अहो, जन्मभर लाकूड तासलंत, डोकं तेवढं तासायचं राहिलं!"

"तू गप बस. हे बायकांचं काम नाही."

"तुमची तीन पोरं सुईणीनंच सोडवली. तेव्हा बरे चालले बायकांचे हात!"

डॉक्टरीणबाई वाद घालत नव्हत्या, घड्याळ बघत होत्या. दोन वाजले. सव्वादोन.

"काका, आता कळलं काही?"

"काय?"

"पायाच्या अंगठ्याला सुई टोचली."

मला घाम फुटला. त्यांनी माझं बोट धरून माझ्याच दुसऱ्या, धड पायावर टेकवलं. "इथं ठोका लागतो?"

मी दाबून पाहिलं. हलकं धरून पाहिलं. माझ्या दगडासारख्या बोटाला काही लागेना.

"नाही."

त्यांनी आपलं बोट तिथेच ठेवलं आणि मोजायला लागल्या, "एक, दोन, तीन..." माझ्या छातीत धडधडत होतं, त्याच चालीवर.

"आणा कागद," मी म्हटलं.

आठव्या दिवशी त्यांनी पट्टी सोडली. पाय वाचला होता. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र काळं पडलं होतं. ती दोन्ही काढावी लागणार होती.

"आल्याआल्या सही केली असती तर?"

"बहुतेक वाचली असती," त्या म्हणाल्या. गोड बोलून पांघरूण घातलं नाही.

"काढा मग," मी म्हटलं.

बायको टोमणा मारेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.