बोरीच्या बाळाचा नमुना

प्राची परभणीच्या प्रयोगशाळेत नवजात बाळांच्या पोटातल्या जिवाणूंचा अभ्यास करायची. लंगोटातली शी घ्यायची, आईचाही नमुना घ्यायचा आणि दोन्हींतल्या जिवाणूंचा डीएनए वाचायचा. आईचे जिवाणू दुधातून, स्पर्शातून बाळाकडे जातात, त्यामुळे दोघांचं बहुधा जुळतं.

बोरीच्या शिवकन्याचं बाळ आईशी जुळेना. ते जुळलं ऋतिकाशी, शिवकन्याच्या थोरल्या जावेशी. गरोदरपणी ऋतिकाचाही नमुना याच अभ्यासासाठी घेतला होता. नंतर ती ऊसतोडीला गेली, फडातच बाळंत झाली आणि बाळासकट दगावली. शिवकन्याला दिवस जायच्या आधीची ही गोष्ट.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," सहकारी शंतनू म्हणाला. प्राचीने नवा नमुना आणला. उत्तर तेच आलं.

"एकाच घरातल्या बायका. भांड्याकुंड्यांतून आलं असेल."

"हे जिवाणू उघड्या हवेत जगत नाहीत, शंतनू."

ती भर दुपारी पुन्हा बोरीला गेली. पुरुष तोडीवर होते. शिवकन्या आणि तिची सासू छबूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. आत बाजेवर गुटगुटीत बाळ झोपलं होतं.

"अंगावर पाजतेस ना?" प्राचीने विचारलं.

शिवकन्याने मान खाली घातली. "मला दूधच न्हाई, ताई. लोक नावं ठिवतील म्हणून बोलले न्हाई."

"मग काय पितो हा?"

"पावडरचं थुंकून टाकतंय. पण रडत बी न्हाई. बघावं तवा व्हटाला दूध लागलेलं."

"लय इचारू नका, बाई," छबूबाई मध्येच म्हणाली. "लेकरू जगायलंय न्हवं?"

तेवढ्यात आतून चुटुचुटु दूध ओढल्याचा आवाज आला. प्राची उंबऱ्यात थबकली. बाळ कुशीवर वळलं होतं. त्याच्यासमोर बाजेवर कुणीच नव्हतं, पण ओठ हलत होते, घशातून घोट उतरत होता. बाळाशेजारचा बाजेचा सुंभ कुणी निजल्यासारखा खाली झुकला होता.

"शिवकन्या," प्राची म्हणाली, "याच्या पोटात ऋतिकाचे जिवाणू आहेत."

छबूबाईने पदर तोंडाला लावला. "थोरलीचं लेकरू घोटभर न पिता गेलं वं."

शिवकन्या उठून आत गेली. बाळाला हात न लावता बाजेच्या पायथ्याशी बसली.

"जाऊबाई," ती हळू म्हणाली, "त्याचं पोट भरलं की माझ्याकडं द्या."

बाळ पीतच राहिलं.

प्राची नमुना न घेता एसटीत बसली. ते बाळ तिने अभ्यासातून वगळलं. शंतनूने विचारलं तेव्हा, आई नको म्हणाली, एवढंच तिने सांगितलं.